डावीकडचं बटण

हातेमवर मला पहिल्या दिवसापासून संशय होता, हे आधीच सांगून टाकते. माणूस वाईट नव्हता, पण गप्प होता, आणि गप्प माणसांशी माझं कधी जमलंच नाही. समोरचा बोलत नाही म्हटलं की त्याच्या वाटचं सगळं मीच मनात बोलून घेते.

तो सिंथेसायझर वाजवायचा. एका लाकडी पेटीत वीस-बावीस मॉड्यूल, म्हणजे आवाज घडवणारी छोटी छोटी यंत्रं, बसवलेली, त्यांच्यावर शंभरेक बटणं आणि मधून रंगीत वायरींचा गुंता. त्या पेटीतून निघणाऱ्या घुमाऱ्यावर मी माळूफची, म्हणजे आमच्याकडच्या पारंपरिक संगीतातली, जुनी गाणी गायचे. ट्युनिसमध्ये असलं काही करणारे आम्ही पहिले नव्हतो, पण उम्मीला, म्हणजे माझ्या आईला, वाटायचं की जगबुडी आमच्यापासूनच सुरू झाली.

यासाठी मी माळूफचं पथक सोडलं होतं. अकरा वर्षं तीस बायकांमध्ये, एकसारखे झगे घालून, दुसऱ्या रांगेत. माझा एकटीचा आवाज कसा आहे हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, मलासुद्धा नाही. उम्मीने मात्र चार महिने घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी तीच म्हणाली, "बेया, शनिवारी तुमच्या कार्यक्रमाला मी येते. पुढच्या रांगेत बसते. तुझा शब्द न् शब्द कळला तर पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही कळला, तर सोमवारी निमूट माझ्याबरोबर पथकाच्या बाईंकडे यायचं."

"कबूल," मी म्हणाले.

गुरुवारी तालमीत माझं डोकं फिरलं. "अरे, तुझं यंत्र माझा आवाज गिळतंय!"

"मग जोरात गा," हातेम म्हणाला, मान वर न करता.

झालं. तिथून आम्ही कामापुरतंच बोललो.

शनिवारी दुपारी मदिनेत, म्हणजे जुन्या शहरात, कार्यक्रम होता त्या शाळेच्या अंगणात पोचले. बघते तर माझ्या माइकची वायर नेहमीसारखी सरळ मिक्सरमध्ये गेलेली नाही. ती आधी त्याच्या पेटीत, कोपऱ्यातल्या एका नव्या छोट्या मॉड्यूलमध्ये घुसली होती. माइक तपासायला मी एक ओळ गायले, तर त्यावरचा लाल दिवा माझ्या आवाजाबरोबर लुकलुकला.

"हे काय?"

"काही नाही."

"माझी वायर तुझ्या पेटीत कशाला?"

"संध्याकाळी कळेल. हात लावू नकोस." एवढं बोलून तो पेटीची वीज बंद करून चण्यांची लबलाबी खायला निघून गेला.

संध्याकाळी कळेल म्हणे! रौदालाही असंच संध्याकाळी कळलं होतं. माझ्याआधी ती त्याच्याबरोबर गायची. त्यांची ध्वनिफीत आली तेव्हा तिच्या आवाजाचे इतके बारीक तुकडे केले होते की तिच्या सख्ख्या बहिणीलाही तो ओळखू आला नाही. वर नाव फक्त हातेमचं.

मी विसेमला फोन लावला. हा माझा मावसभाऊ, रेडिओ दुरुस्त करतो. मॉड्यूलचं वर्णन ऐकून म्हणाला, "अगं, ते दाबायचं यंत्र. एक आवाज आला की दुसरा आपोआप खाली जातो. रेडिओवर बाई बोलायला लागली की मागचं गाणं बारीक होतं ना, तसं."

"पण यात दबतो कुणाचा?"

"ज्याची पेटी त्याची मर्जी. वायरी बघितल्याशिवाय मी काय सांगू? पण बेया, तू दुसऱ्याच्या वायरींना हात लावू नकोस हं. कुठलं बटण कुठे होतं हे त्या पेटीला आठवत नसतं. एकदा हललं की गेलं."

मला आणखी काही ऐकायचंच नव्हतं. दबणार ती मी, दुसरं कोण! मॉड्यूलवर एकच मोठं बटण होतं आणि त्याची पांढरी रेघ डावीकडे वळलेली. डावीकडे म्हणजे बारीक, उजवीकडे म्हणजे मोठा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मेल्याने माझा आवाज आधीच निम्मा करून ठेवला होता! अंगणात कुणी नाही हे बघितलं आणि बटण उजवीकडे पार टोकापर्यंत फिरवलं. फार बरं वाटलं.

तो परत आला, पेटीवरून एक नजर फिरवली आणि यंत्र सुरू केलं. शंभर बटणांत एक बटण कुठे दिसतंय?

पाच वाजता अंगण भरलं. उम्मी पुढच्या रांगेत, ठेवणीतला रुमाल बांधून, मांडीवर पर्स. मी पहिली ओळ उचलली आणि यंत्राचा घुमारा माझ्या अंगावर चालून आला. मी जोर लावला, तो आणखी चढला. मी थांबले की खाली बसायचा, तोंड उघडलं की पुन्हा उसळायचा. मुद्दाम करतोय म्हणून मी डोळे वटारून पाहिलं, तर हातेम घामाने डबडबलेला, या वायरीवरून त्या वायरीवर हात नेतोय. तीन गाणी तशीच गेली. लोकांनी मान राखायला टाळ्या वाजवल्या आणि कॉफीकडे वळले. उम्मी मात्र जागची हलली नाही.

"पथकात निदान शब्द तरी कळायचे," ती म्हणाली. चिडून नाही. चिडली असती तर परवडलं असतं.

हातेम पेटीपुढे गुडघे टेकून बसला होता. असले लोक दुपारीच आपल्या वायरींचा आणि बटणांचा फोटो काढून ठेवतात. फोन एका हातात धरून तो एकेक बटण ताडून बघत होता. कोपऱ्यातल्या त्या बटणाशी थांबला.

"हे मी डावीकडे ठेवलं होतं. याचं शून्य मधोमध असतं, बेया. डावीकडे असलं की तू गायला लागलीस की माझा आवाज खाली जातो. उजवीकडे नेलं तर वर चढतो." मग उम्मीकडे वळला; तिला तो खाल्ती, म्हणजे मावशी, म्हणायचा. "माफ करा, खाल्ती. ही म्हणाली ना, यंत्र आवाज गिळतंय म्हणून. दोन दिवस हेच जुळवत बसलो होतो. सांगायला लाज वाटली." पुन्हा माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "कुणीतरी हात लावलाय. तो दारावरचा माणूस दुपारी इथेच घुटमळत होता. तू कुणाला पाहिलंस का?"

सगळ्या जगावर त्याचा संशय होता, फक्त माझ्यावर नव्हता.

"मी फिरवलं," मी म्हणाले.

त्याने बटण डावीकडे आणलं, फोटोशी नीट जुळवलं आणि यंत्र सुरू केलं.

"खाल्ती बसल्यात अजून," तो म्हणाला. "गा."

मी माइक धरला. तोंड उघडलं, पण पहिला शब्दच येईना. उम्मी वाट बघत होती. यंत्राचा घुमारा अंगणभर घुमतच राहिला, कारण त्याने खाली जावं असं माझ्या माइकमधून काही येतच नव्हतं.