पिवळी पूड

महाराष्ट्र झाला त्या साली शालूबाईला सरकारी साहेबांकडून मधमाश्यांच्या दोन पेट्या मिळाल्या. तेव्हापासून दर सोमवारी महादेवाला घरच्या मधाचा अभिषेक. पाच वर्षांत एकदाही चुकला नाही. आता एक पेटी ओस पडली होती, आणि भर श्रावणात दुसरीखालीही माश्या लुळ्या पंखांनी मातीत सरपटत होत्या.

त्यातच पेटीच्या फळीवर पिवळी पूड दिसली. शालूबाईनं बोटावर घेऊन हुंगली. हळद नव्हे, वास उग्र. करणीच! भिंतीपलीकडे धाकटी जाऊ तानुबाई. वाटणीपासून बोलणं तुटलेलं. ‘माझा देव हिच्या डोळ्यांत खुपतो,’ असं म्हणत शालूबाईनं गोमूत्र शिंपडून पूड पुसली. दोन दिवसांनी पुन्हा पूड. या खेपेला तिनं झाकण काढून आतलीही झटकली. माश्या मरतच राहिल्या, तसा संशय मुरत गेला.

सोमवारी ती मधाची वाटी घेऊन देवळात निघाल्यासारखं करून कडब्याच्या गंजीआड बसली. तानुबाई आली. पदराआडून पुडी काढली, झाकण उचललं.

“काय टाकून राह्यली वं?”

तानुबाई दचकली, पण पळाली नाही. “गंधक हाय, बाई. धामणगावहून आणलं.”

“माह्या माश्या माराले?”

“माश्या काऊन मारीन? त्याईच्या अंगावरचा गोचीड माराले. पेट्यावाले साहेब आले होते, तुम्ही देवळात. मलेच सांगून गेले.”

“मंग मले काऊन नाही सांगितलं?”

“तुम्हाले? श्रावणात मुंगी दिसली त साखर टाकता! गोचीडालेही निवद दाखवला असता. म्हटलं, पाप आपल्या माथी घ्यावं.”

तिनं एक लुळी माशी तळहातावर धरली. पाठीवर खसखशीएवढा तांबूस ठिपका. ठिपका चालू लागला.

“पण पूड टिकतच नाही, बाई. वारा नेते का काय!”

“वारा नाही वं,” शालूबाई हळूच म्हणाली. “मीच पुसून राह्यली. करणी वाटली मले.”

तानुबाई बघतच राहिली. “माही?”

“हाव.”

शालूबाईनं पेटीत डोकावलं. सात चौकटींपैकी तीनच माश्यांनी भरलेल्या. तिनं देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि पुडी मागितली.

“किती टाकू?”

“चिमूटभर. जास्त त्याईलेही सोसत नाही.”

त्या सोमवारी पिंडीवर नुसतं पाणी पडलं. वाटीतला मध शालूबाईनं माश्यांसाठी पेटीतच ठेवला होता.