चढावरचं पाणी

आई पाण्याचं पिंप तिसऱ्यांदा घासत होती. तीस वर्षं गावाची गटारं उपसणारी ही बाई घरात पाऊल टाकण्याआधी कोपरापर्यंत साबण लावायची. तरी तिच्या हातचं पाणी गावात कुणी पीत नसे, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे. तिच्या मुलीला मात्र त्याच गावानं डोक्यावर घेतलं होतं!

मुलीला सगळे हरणी म्हणत. बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत ती देशात पहिली आली, तेव्हा चौकात तिचा भलामोठा फलक लागला. मोठ्या शहरातली नोकरी सोडून ती परतली, गावातल्या मुलींना रोज सकाळी मैदानावर फुकट धावायला शिकवू लागली. उद्या तिनं गावची पहिली एकवीस किलोमीटरची शर्यत भरवली होती. ती स्वतःही धावणार होती. सोळाव्या किलोमीटरला, चढ सुरू होतो तिथल्या पाण्याच्या टेबलावर तिनं आईला नेमलं होतं.

दुपारी शर्यत समितीचे सचिव आले. हरणीनं खुर्ची पुढे केली, तरी ते दारातच उभे राहिले.

"हरणी, आम्हाला तुझा अभिमान आहे गं. पण आईंना टेबलावर नको. फेकलेले ग्लास गोळा करतील की त्या."

"का, काका?"

"लोक काय म्हणतील? मी नाही मानत असलं काही, पण..."

"मानत नाही ना? मग बसा. चहा टाकते."

सचिवांना एकाएकी फार कामं आठवली.

ते गेल्यावर आईनं घासणी खाली ठेवली. "पोरी, मला नको उभं करूस. गटारात उतरताना कधी लाज नाही वाटली. पण चारचौघांत हात पुढे केला आणि कुणी घेतलंच नाही, तर?"

"तर ती लाज तुझी नाही, आई. तू फक्त हात मागे घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ऊन लवकर तापलं. हरणी सगळ्यांच्या पुढे होती. आईच्या हातचं पाणी पिऊन ती चढाला लागली आणि वळणावर तिनं मागे पाहिलं. मागचे धावपटू टेबल टाळून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जात होते. आईचा हात पुढेच होता, पण ग्लास कुणी घेत नव्हतं.

हरणीचं डोकं फिरलं. पाच किलोमीटरवर जिंकणं होतं; ते सोडून ती उलटी फिरली, खाली आली आणि आईशेजारी उभी राहिली.

तिला पाहताच मागून येणारे चौघे टेबलाकडे वळले. "ताई, पाणी!" चारही हात तिच्यापुढे आले.

हरणीनं आपले हात पाठीमागे बांधले.

"माझ्या हातचं चालतं? मी हिच्याच हातचं खाऊन-पिऊन वाढलेय. हवं तर आईकडून घ्या."

तिघे मान खाली घालून कोरड्या घशानं चढ चढू लागले. चौथी थांबली. ती सचिवांची लेक होती, हरणीच्याच मैदानावर तयार झालेली. छातीवर बिल्ला लावलेले वडील समोरच उभे होते.

"अगं, पुढे आहे पाणी!" ते ओरडले.

तिनं हरणीच्या आईच्या हातातून ग्लास घेतला, एका दमात रिकामा केला आणि वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, अजून एक."

आईचे डोळे भरून आले. दुसरा ग्लास पिऊन मुलगी म्हणाली, "ताई, चला ना. अजूनही जिंकाल."

"तू जिंक. शेवटचा धावणारा जाईपर्यंत मी इथून हलणार नाही. आणि काका, पुढच्या वर्षी पाण्याची सगळी टेबलं आमच्या गल्लीतल्या बायका सांभाळणार!"

आईनं पदरानं डोळे पुसले. आणखी एक ग्लास भरला, रस्ता ओलांडला आणि तो सचिवांपुढे धरला. "तुम्हीपण उन्हात उभे आहात सकाळपासून. घ्या."

सचिवांनी घड्याळ पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं. आईनं हात मागे घेतला नाही. वाचकहो, तो ग्लास अजून भरलेलाच आहे, आणि तुमचं घरही त्याच रस्त्यावर आहे.