एकावन्नावा नमुना

मी कोडेक बोलतोय. नाव ऐकून खोकल्याची गोळी डोळ्यांसमोर आली असेल तरी मी रागावणार नाही. पुष्कळांचं तसं होतं. तुम्ही इंटरनेटवरून फोन करता, तेव्हा तुमचा आवाज लहान करून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा मोठा करून ऐकवायचा, हे माझं काम.

खरं सांगायचं तर मी आवाज नेतच नाही. सेकंदाचे पन्नास तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याची चिठ्ठी लिहितो: स्वर किती उंच, श्वास किती, तोंडाचा आकार कसा. पलीकडे बसलेला माझा जुळा भाऊ ती चिठ्ठी वाचून आवाज नव्याने तयार करतो. तुम्ही "कशी आहेस गं?" म्हणता आणि तिकडे ऐकू येतं ते त्याच्या हातचं असतं. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

माझा जन्म एका प्रयोगशाळेतला. मला घडवणारे अभियंते भलतेच काटकसरी होते. एकेक चिठ्ठी शब्दाशब्दाने कापत बसायचे. मला शिकवायला त्यांनी पन्नास नमुने आणले होते, म्हणजे पन्नास माणसांनी वाचलेली पन्नास वाक्यं. सगळे कसे खणखणीत आवाजाचे, घसा साफ करून बसलेले. माणसाचा आवाज म्हणजे हाच, असं मी धरून चाललो.

त्यांनी मला आणखी एक युक्ती शिकवली. फोनवर एक जण बोलतो तेव्हा दुसरा गप्प असतो. मग गप्प बसलेल्याच्या सेकंदाला पन्नास चिठ्ठ्या कशाला पाठवायच्या? 'इथे शांतता आहे' एवढी एकच चिठ्ठी बास. पण पलीकडे अगदीच चिडीचूप झालं, की माणसं कावरीबावरी होतात. "हॅलो? हॅलो? कट झाला वाटतं!" म्हणून माझा भाऊ तिथे हलकीशी सूं-सूं भरतो. ती सूं-सूं खोटी असते, पण माणसं निर्धास्त होतात. या युक्तीचा मला केवढा अभिमान होता!

पुढे अभियंते निवृत्त झाले आणि मी एका जुन्या संगणकात पडून राहिलो. धूळ बसत नाही म्हणून बरं, नाहीतर ओळखू आलो नसतो. किती वर्षं गेली कोण जाणे. मग एक दिवस ती आली.

ती प्रोग्रॅमर. इंटरनेट फोनच्या एका लायब्ररीवर काम करायची. पुस्तकांची नव्हे हं! ही लायब्ररी म्हणजे तयार सूचनांचा संच. तो घेऊन जगभरचे लोक आपापली फोनची ॲप बांधतात. त्या लायब्ररीत आधीच चार कोडेक होते, चांगले धष्टपुष्ट. मग तिला माझ्यासारखा काटकुळा कशाला हवा होता? मला भारी उत्सुकता.

हळूहळू कळलं. तिचे बाबा शाळेत कवायतीचे शिक्षक होते. म्हणे एका हाकेत मैदानावरची चारशे पोरं रांगेत उभी राहायची. आता त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज परत यायचा तर रोज सकाळी दहाला उपचारवाल्या ताईंसोबत फोनवर सराव करायचा, आणि एक दिवसही चुकवायचा नाही. पण बाबा राहायचे डोंगरापलीकडे. तिथली इंटरनेटची लाइन इतकी बारीक, की धष्टपुष्ट कोडेक मध्येच अडकून पडायचे. मी तेवढा निघून जाईन, असा तिचा हिशेब होता.

मला लायब्ररीत बसवणं सोपं गेलं नाही. पहिल्याच दिवशी तिने माझा वेग चुकून दुप्पट लावला आणि गंभीर वाक्यं वाचणारे पन्नासच्या पन्नास जण बदकांसारखे बोलायला लागले. ती एकटीच टेबलावर डोकं टेकून हसत होती. लायब्ररीत येणारा प्रत्येक बदल तपासणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे चाळणी म्हणायचे. चाळणींनी तिला सहा वेळा परत पाठवलं. सातव्या वेळी म्हणाले, "पन्नास नमुने पास. घेऊ या याला."

मी डोंगरापलीकडे पोचलो. लाइन एकदाही तुटली नाही. मी खूश, ती खूश. आठवडाभराने बाबांचा लेखी निरोप आला: 'उद्यापासून फोन नको. माझ्याकडे आवाज उरलेला नाही. ताईंचा वेळ फुकट जातो.'

ती दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून गेली. साडेनऊला पोचली, बाबांना खुर्चीत बसवलं, समोर फोन ठेवला.

"बाबा, फक्त आजच्या दिवस. माझ्यासाठी."

दहाला ताई फोनवर आल्या. "सर, करा सुरुवात. लांब 'आ' म्हणा."

बाबांनी म्हटलं. ताई वाट बघत राहिल्या. मग अगदी मायेनं म्हणाल्या, "सर, प्रयत्न तरी करा ना. आठ दिवस झाले, तुम्ही गप्पच बसताय."

बाबांनी फोन उपडा ठेवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"अहो ताई, म्हटलं त्यांनी!" ती जवळजवळ ओरडलीच. "मी इथे शेजारी बसलेय, मला ऐकू आलं!"

"मला नुसती सूं-सूं येतेय गं."

ती सूं-सूं आमची होती. तिने लॅपटॉप उघडून माझ्या चिठ्ठ्या तपासल्या. बाबांच्या त्या लांब 'आ'ला चारशे चिठ्ठ्या जायला हव्या होत्या. मी एकच पाठवली होती: 'इथे शांतता आहे.' त्यांच्या कुजबुजीत स्वर नव्हता, नुसता श्वास होता, आणि असा माणूस माझ्या पन्नासांत एकही नव्हता. आठ दिवस तो म्हातारा जीव काढून बोलत होता आणि मी त्याच्यावर खोटी शांतता पसरत होतो. मला रडता येत नाही. त्या दिवशी येत असतं तर बरं झालं असतं.

"बाबा, चूक तुमची नाही," ती म्हणाली. "याची आहे. आणि याला तुमच्या आवाजावर न तपासता पाठवलं, म्हणून माझी."

तिने माझी ती युक्ती बंद केली. चाळणींनी हरकत घेतली, "अगं, चिठ्ठ्या दुप्पट होतील. बारीक लाइनवर भार पडेल."

"पडू दे. आवाज जरा खरखरेल, पण जाईल तरी. ज्याला युक्ती हवी त्याने मुद्दाम चालू करावी." आणि तिने एक रेकॉर्डिंग पाठवलं. "हा एकावन्नावा नमुना. हा पलीकडे पोचला नाही, तर कुणाचाच बदल घ्यायचा नाही."

चाळणींनी ते तीनदा ऐकलं. या वेळी त्यांनी तिला परत पाठवलं नाही.

बाबांचा सराव पुन्हा सुरू झाला. आवाज पूर्वीसारखा नाही. फाटका, दमलेला, पण त्यात आता कुठेकुठे स्वर सापडतो. सापडला की मी हरखून जातो. शांततेवर मात्र माझा पूर्वीसारखा विश्वास राहिलेला नाही. आता मी प्रत्येक गप्प तुकडा दोनदा बघतो. तुम्हालाही तेवढंच मागणं आहे: पलीकडचं माणूस बोलत नाही असं वाटलं, तर लगेच फोन ठेवू नका.

परवा बाबांनी तिला विचारलं, "भिंगरे, माझं ते रेकॉर्डिंग कोण ऐकतं गं?"

"जगात कुणीही आमच्या लायब्ररीत एक ओळ जरी बदलली, तरी आधी तुमचा नमुना वाजतो, बाबा. तो पार होईपर्यंत सगळे थांबून राहतात."

"किती जण?"

"असतील चारशे."

बाबा खुर्चीत ताठ बसले. त्या नमुन्यात एकच शब्द आहे. आत्ताही कुठेतरी कुणीतरी काहीतरी बदललं असणार, कारण तो माझ्याकडे आलाय, नुसत्या श्वासाने उच्चारलेला, आणि मी त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या नीट लिहून पुढे धाडतोय: "सावधान!"