नाकासमोर

बाबांचं नाक गेलं, हे घरात आधी मला कळलं. इज्जतीचं नाक नाही, खरंखुरं नाक. तापातून उठल्यावर पंधरा दिवसांनी ते गॅससमोर खुर्ची टाकून दुधावर लक्ष ठेवत बसले होते. दूध उतू गेलं, करपलं, भांड्याचा कोळसा झाला. मी कोपऱ्यावरच्या नळापासून वासाने धावत आले, तर बाबा शांतपणे पेपरातलं कोडं सोडवतायत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस."

दूध मी जाळलं असं आईला वाटलं. मी बोलणी खाल्ली. वाद घालायची सवय असून गप्प बसले, म्हणून आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर आमटी जळण्यापलीकडे काही बिघडलं नसतं. पण बाबा तेलाच्या लाइनीवर चालायचं काम करतात. जमिनीखाली दीड मीटरवर पाइप आहे. त्यातून पंपाच्या स्टेशनापासून पुढच्या टाक्यांपर्यंत कधी पेट्रोल जातं, कधी डिझेल. वर शेतं, माळ, एक ओढा, आणि ठरावीक अंतरावर पिवळे खांब. बाबांनी रोज सकाळी त्यावरून आठ किलोमीटर चालायचं. कुणी खोदतंय का, माती खचलीय का, गवत मध्येच वाळलंय का, आणि मुख्य म्हणजे कुठे वास येतोय का. कमरेला एक डबी. माणूस चालतोय, झाडाखाली घोरत नाही, हे ती ऑफिसात सांगते. एकवीस वर्षं हेच. आई म्हणायची, इतका नाकासमोर चालणारा नवरा शोधून सापडायचा नाही.

कंपनीचा डॉक्टर दरवर्षी डोळे तपासतो, कान तपासतो, रक्त काढतो. नाक कुणीच तपासत नाही. ज्याच्या जिवावर नोकरी, तेच सोडून सगळं.

मी तेव्हा रिकामीच होते. नववीत बाईंनी माझ्या मैत्रिणीच्या बापाची नक्कल केली, म्हणून मी डस्टर भिरकावला. खिडकी फुटली. माफी माग म्हणाले, मी दप्तर उचललं. तेव्हापासून घरात मी म्हणजे सांडलेलं पाणी, जो तो वळसा घालून जातो. त्यामुळे मी रोज बाबांचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर निघाले, तेव्हा आईला बरंच वाटलं. बाबा पुढे, मी दोन पावलं मागे. ते डोळे आणि पाय, मी नाक.

लाइनीवर एक गंमत असते. तिथे डावं-उजवं माणसाचं नसतं, तेलाचं असतं. तेल ज्या दिशेला जातं तिकडे तोंड करायचं, मग डावं ते डावं. तुम्ही कुठेही तोंड करून उभे असा, उलटे लटका, ओढा डावीकडे म्हणजे डावीकडेच. बाबा घरातसुद्धा तसंच बोलायचे. लाइन आमच्या घराच्या मागून जाते. आई विचारायची चष्मा कुठेय, बाबा म्हणायचे कपाटाच्या उजव्या बाजूला, आणि आई दहा मिनिटं भलत्याच बाजूला हात घालायची. "तुमच्या तेलाला लागली आग," असं म्हणायची ती. हसून म्हणायची.

कधी सुपरवायझर बरोबर चालायचे. तेव्हा आमची खूण ठरलेली. वास डावीकडून आला तर मी एकदा खोकायचं, उजवीकडून आला तर दोनदा. सुपरवायझरांनी मला दोनदा खडीसाखर दिली.

त्यांनीच बातमी आणली. आमच्या पट्ट्यावर चौघं चालतात. पुढच्या महिन्यापासून ड्रोन उडणार, माणसं दोनच ठेवणार. पाइपातही आता डुक्कर सोडतात. डुक्कर म्हणजे यंत्र. तेलाबरोबर आतून सरपटत जातं आणि पाइप कुठे झिजलाय ते लिहून आणतं. कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडदा, दाब जरा हलला की लाल दिवा. मग माणूस कशाला? सुपरवायझर म्हणाले, ज्याच्या नावावर काही काम दिसेल तो राहील. बाबा घरी येऊन म्हणाले, "एकवीस वर्षं काही बिघडलं नाही. हे काम दिसतं का कुणाला?"

आणि आठवड्याभरात त्रेसष्ट नंबरच्या खांबाजवळ मला वास आला.

पेट्रोल पंपावर येतो तसा भसकन नाही. जुन्या पोत्याला कधीकाळी तेल लागलेलं असावं, तसा. सकाळी वारा पडलेला असताना आला, ऊन चढून वारा सुटला की गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी जमिनीवर पालथी पडून हुंगलं. तिथे मुंग्यांची एक वाट होती, रोजची. ती आता दोन हात लांबून वळसा घेत होती.

बाबांनी मातीचं ढेकूळ नाकाला लावलं आणि लहान मूल अक्षर वाचून बाईंकडे बघतं तसे माझ्याकडे बघायला लागले. "आहे?"

"आहे."

लाइनीच्या डाव्या बाजूला, चाळीस पावलांवर रोपंवाल्या मावशीची नर्सरी. ती पत्र्याच्या आडोशाला चूल पेटवते. बाबांनी तिच्या धुराकडे पाहिलं आणि लगेच फोन लावला. कंट्रोल रूमने सांगितलं, पडद्यावर सगळं हिरवं आहे. पण लेखी द्या. लेखी देताना बाबा अडले. मुलीला वास आला असं लिहावं म्हणत होते. मी भडकले. म्हटलं, मुलीला आला तर तुम्ही कशाला आहात असं विचारतील. तुम्हाला आला असं लिहा. त्यांनी लिहिलं. एकवीस वर्षांतलं त्यांचं पहिलं खोटं मी हात धरून लिहून घेतलं.

इंजिनियर साहेब तिसऱ्या दिवशी आले. दुपारी दोन वाजता, वारा असा की खांबावरची पाटी खडखडत होती. आम्ही सकाळी या म्हणून सांगितलं होतं, पण गाडी दुपारची मिळाली. साहेब वाईट नव्हते हो. तरुण होते, घाम पुसत होते, बाबांना काका म्हणत होते. त्यांनी वास मोजायचं यंत्र जमिनीजवळ धरलं. शून्य. चार पावलं सरकून धरलं. शून्य. मग टॅब उघडून दाखवला. गेल्याच महिन्यात डुक्कर इथून गेलंय, पाइप ठणठणीत आहे.

डुक्कर पास, आम्ही नापास.

बाबा म्हणाले, खोदून बघू. साहेबांनी समजावलं की खोदायचं तर आधी दाब उतरवावा लागतो, पुढच्या सगळ्या टाक्यांचा पुरवठा कमी होतो, सात ठिकाणच्या सह्या लागतात. मी वर काय लिहू, ते विचारत होते. पडदा हिरवा, यंत्र शून्य, डुक्कर ठीक, फक्त एका माणसाला वास येतो. मग जरा थांबून म्हणाले की त्या माणसाचं नाक पक्कं आहे एवढं तरी मला लिहिता आलं पाहिजे. लिहिता आलं, तर मी सह्यांसाठी भांडेन.

त्यांनी गाडीतून दोन फडकी काढली. एक डिझेलच्या कॅनमध्ये बुडवून पिळलं, दुसरं पाण्यात. दोन्ही मळकी, दोन्ही ओली. बाबांना पाठ करायला लावली, मग वळवलं. दोन हातांत दोन फडकी. "काका, कुठलं ते फक्त सांगा."

मी साहेबांच्या मागे होते. वारा माझ्या पाठीकडून, मलाही वास नाही. पण डोळे आहेत मला. डिझेलचं फडकं कुठल्या हातात गेलं ते मी पाहिलं होतं. बाबा समोर उभे होते, आणि ते फडकं त्यांच्या डाव्या हाताला होतं.

बाबांनी एक फडकं हुंगलं, मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी साहेबांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मी एकदा खोकले. डावं.

बाबांचा चेहरा सुटला. त्यांनी ताठ उभं राहून हात वर केला आणि उजव्या बाजूचं फडकं दाखवलं. पाण्याचं.

मला कळायला एक श्वास लागला. बाबांचं तोंड पंपाच्या स्टेशनाकडे होतं, पाठ तेलाच्या वाटेकडे. मी माणसाचं डावं सांगितलं, त्यांच्या हाताचं. बाबांनी लाइनीवरचं ऐकलं. एकवीस वर्षं ज्याने चुकून डावं-उजवं केलं नाही, त्याने तेव्हाही चूक केली नाही. चूक माझी.

साहेबांनी फडकी गाडीत टाकली, हात पुसले, टॅबवर लिहायला लागले. बाबा अजून हसत होते. त्यांना वाटलं, जमलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं उघडलं. मी साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. ताप, दूध, खोकला, सगळं. वास मला येतो, दोन महिने मीच हुंगतेय, वास खरा आहे, उद्या सकाळी सहाला या, मी नाक लावून दाखवते कुठे ते. बोलताना बाबांकडे पाहिलं नाही.

साहेबांनी शिक्षण विचारलं. मी म्हटलं, नववी, तीही अर्धी.

"बाळ, मी तुला खोटं म्हणत नाही," ते म्हणाले. "पण तुझं नाक आमच्या रेकॉर्डवर नाही."

त्यांनी बाबांच्या कमरेची डबी मागून घेतली. बाबांना ती सोडवता येईना, बक्कल अडकलं होतं. मी सोडवून दिली.

चौघांतले दोघं राहिले. बाबा त्यात नाहीत. आईला सगळं कळलं. तिने फक्त विचारलं, "दूधसुद्धा तू जाळलं नव्हतंस?"

पिवळ्या खांबावर एक नंबर असतो, संशय आल्यास कळवा म्हणून. मी सहा वेळा कळवलं. बाई गोड आवाजात तक्रार नोंदवते, आणि दोन दिवसांनी मेसेज येतो: तपासणी पूर्ण, दोष आढळला नाही. एकदा मी तिच्यावर ओरडले. तिने त्याच आवाजात तीही तक्रार नोंदवून घेतली.

रोपंवाल्या मावशीला चूल हलव म्हणून सांगितलं. ती म्हणाली, तीन हजार रोपं घेऊन कुठे जाऊ? तिला खतापुढे दुसरा कसला वास येत नाही. माझ्या समाधानासाठी तिने चूल पत्र्याच्या पलीकडे नेली. चार पावलं.

आता सकाळी ड्रोन येतं. मधमाशीसारखं घोंगावत, खांबांवरून सरळ, अगदी नाकासमोर. मी त्रेसष्टपाशी उभी राहून दोन्ही हात हलवते. त्यांच्या पडद्यावर एक पोरगी हात हलवताना दिसत असेल. पोरं विमानालासुद्धा हलवतात.

बाबा ओट्यावर बसलेले असतात. माझी वाट बघत नाहीत असं दाखवतात. मी चपला काढेपर्यंत थांबतात. आजही थांबले.

"आहे?"

"आहे. वाढलाय. खांबापासून सरकलाय."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

बाबा उठले. मग तेलाच्या वाटेकडे तोंड करून, हात डावीकडे करून म्हणाले, "लाइनीच्या?"

"लाइनीच्या," मी म्हटलं.

तिकडे, झाडांच्या वर, मावशीच्या चुलीचा धूर निघत होता.