ओकखालची कबर

तोफीक गेला त्या सकाळी त्याचा धाकटा भाऊ सियामंद रडता रडता अधूनमधून डोंगरउताराकडे बघून घेत होता, हे तोफीकच्या बायकोच्या, गलावेझच्या नजरेतून सुटलं नाही. उतारावरचे जुने ओक दोघा भावांच्या सामाईक मालकीचे. तिच्या नवऱ्याने जन्मभर त्यांच्या बुंध्याला कुऱ्हाड लागू दिली नव्हती. शेळ्यांना पाला हवा तर दरवर्षी वेगळ्या झाडाचा काढायचा, बाकीच्यांना विसावा द्यायचा. सियामंदला मात्र त्या झाडांत कोळशाची पोती दिसत. आता त्याला अडवणारं कोणी उरलं नव्हतं.

गलावेझने डोळे पुसले आणि मुल्लांना म्हणाली, "कबर गावात नको. वर मोठ्या ओकखाली खणा."

"अगं, त्याच्या आईशेजारी जागा राखलीय ना?"

"आई समजून घेईल."

मरिवानच्या त्या डोंगरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की कबरीवर सावली धरणाऱ्या झाडाची वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीत घालत नाही. गावोगावचे सगळ्यात जुने ओक कब्रस्तानातच उरलेत, ते काय उगाच? बाईने नवऱ्यालाच राखणीला बसवलं. हात जोडावेत अशीच बाई.

सियामंदचं तोंड उतरलं. "वहिनी, मेलेल्या माणसालाही कामाला लावतेस होय?"

"जिवंतपणी तरी कुठे स्वस्थ बसायचा तो? चल, फावडं घे. भावाची कबर भावानेच खणायची."

खणताना मनगटाएवढं जाड मूळ आडवं आलं. कोणीतरी कुऱ्हाड पुढे केली. सियामंद बराच वेळ मुळाकडे बघत राहिला.

"राहू दे," तो म्हणाला. "खड्डा जरा अलीकडे घेऊ."

माती लोटून झाली, लोक उतरू लागले. सियामंद मात्र घुटमळला. त्याचा आवाज आता पार मऊ झाला होता. "वहिनी, शेजारी तुझ्यापुरती जागा सोडलीय बघ."

गलावेझने ओल्या मातीवरून हात फिरवला.

"जन्मभर ह्याच्याच शेजारी निजले रे," ती म्हणाली. मग तिने उताराच्या वरच्या टोकाला उभ्या असलेल्या दुसऱ्या ओककडे बोट केलं. "पण त्या ओकखाली अजून कोणीच नाही. मला तिकडे ठेवा."