रिकामी डोली

मी एक जुनी डोली आहे. गेली दहा वर्षं मला काडीचंही काम नाही. मित्रांनो, हे मी रडत नाही, मिरवून सांगते आहे.

नवरीची डोली मनात आणू नका हं! एक जाड बांबू आणि त्याला बांधलेली घोंगडी, एवढाच माझा थाट. घोडेगावच्या वर डोंगरात आमची वाडी. गाडीरस्ता नव्हता. कुणी आजारी पडलं की चार गडी मला खांद्यावर घेऊन दोन तास पायवाट उतरायचे. लोक मला हात जोडायचे आणि मी फुगून जायचे.

शहाण्णव साली माझा तोरा उतरला. सोमाजीची बायको ठमाबाई तापानं फणफणली होती. ती अर्ध्या वाटेत, माझ्या कुशीतच गेली. तेव्हापासून सोमाजी कुणाशी बोलेना.

दोन वर्षांनी त्याची सून सोनीबाई गरोदर राहिली. दिवस वैशाखात भरणार होते. दिवाळी होताच सोमाजी पहार घेऊन एकटाच पायवाट रुंद करायला लागला. लोक म्हणाले, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं!"

"फिरू द्या," सोमाजी म्हणाला. "माझी सून त्या घोंगडीत जायची न्हाई."

मला ते झोंबलं, खोटं कशाला बोलू? पण चौथ्या दिवशी शेजारचा धर्माजी कुदळ घेऊन आला. बांधावरून दोघांचा सात वर्षांचा अबोला होता. हळूहळू घरटी एक माणूस येऊ लागलं. बाया घमेली घेऊन आल्या. मजुरी कुणालाच नव्हती. भाकरी ज्याची त्याची, कालवण सगळ्यांचं. दगड वाहायला मलाही जुंपलं. माझी घोंगडी फाटून तिला ठिगळं लागली, पण सोमाजी धर्माजीची थट्टा करू लागलेला मी या डोळ्यांनी पाहिला.

एक मात्र चुकलं. सोमाजीनं आपल्या दारापासून सुरुवात केली होती. त्यामुळे डांबरी सडकेजवळचा शेवटचा कातळ फुटेपर्यंत गाडी वर चढणारच नव्हती! वैशाख आला तरी तो हलेना. एका सकाळी वाडी खाली कातळाशी भिडलेली असताना वर सोनीबाईला कळा सुरू झाल्या. एक जण निरोप घेऊन खाली पळाला. वर शेतांत मागे राहिलेले चार गडी गोळा होईपर्यंत दुपार झाली. त्यांनी सोनीबाईला माझ्यात ठेवलं आणि मला उचललं. पुन्हा तेच होणार का?

तोच खालून घरघर ऐकू आली. जीप! कातळ फुटला होता आणि धर्माजीनं सडकेवरची एक जीप थांबवून थेट वर आणली होती. सोमाजी टपावरूनच ओरडला, "खाली ठिवा ती डोली! लागायची न्हाई आता!"

त्या दिवशी वाडी नाचली. सोनीबाईला दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मित्रांनो, माझी धूळ झटकायला येऊ नका. दर दिवाळीनंतर सगळी वाडी एक दिवस रस्त्याची डागडुजी करते, त्या दिवशी या आणि घमेल्याला हात लावा. मला असंच रिकामं राहू द्या.