पदराआडचं लेकरू

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, जळकोटच्या कोंडाबाईला नातू झाला. मायबहिणींनो, नातवानं घर कसं भरून जातं ते तुम्हाला सांगायला नको! पण या घरात काळजीच शिरली. सून शामला माहेराहून बाळाला घेऊन आली ती जणू मुकी होऊनच. बाळाला न्हाऊ घाली, पाजी. पण त्याच्याशी बोलणं नाही की हसणं नाही.

कोंडाबाई मंगळवार-शुक्रवार धरणारी, देवभोळी. 'आईचीच नजर लेकराला आधी लागते' हे तिच्या मनात पक्कं. म्हणून पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "पाजताना त्याच्या तोंडावर पदर घे. टक लावून बघायचं न्हाय." शामलानं ते मुकाट पाळलं. बघावंसं तिला तसंही वाटत नव्हतं.

एके सकाळी ती पाण्याला गेली ती येईचना. शेवटी शेजारच्या ताहेराबीनं तिला हाताला धरून आणलं.

"काय गं, आडावर गप्पा रंगल्या व्हत्या व्हय?" कोंडाबाई कडाडली. "हितं लेकरू रडून निळं पडलं!"

"आत्याबाई, ते रडतं, पर मला काईच वाटत न्हाय. भिंत रडल्यागत वाटतं."

"ऐकलंस ताहेराबी? बाहेरचं हाय हे! उद्याच देवरशाकडं नेऊन मिरच्यांची धुरी देते."

"धुरी आमी बी दिली व्हती, माझ्या जुलेखाला," ताहेराबी हळू आवाजात म्हणाली. "ती म्हनायची, अम्मी, मला लेकराची माया येत न्हाय. म्या थोबाडीत दिली. आजारी पोरीला बोल लावत बसले गं! एक दिवस काठावर घागर ठिवून तिनं आडात उडी घेतली. आज तुझी सून तशीच घागर ठिवून वाकली व्हती!"

कोंडाबाईनं सुनेचा हात घट्ट धरला. अरे देवा! आपण बाधा शोधत बसलो, आणि पोरगी मरणाच्या काठावर एकटी उभी होती!

"आता काय करू गं?"

"धुरी नको, बोल नको. एकटं सोडू नको. पोटभर झोपू दे तिला. आनि तो पदर काढ आधी. बघितलंच न्हाय तर दोघांची वळख कशी हुनार?"

शामला लेकराला पाजायला बसली, तेव्हा कोंडाबाईनं आपल्या हातानं पदर सारला. बाळाची नजर आईच्या तोंडावरून घसरून तुळईकडं गेली. शामला त्याच्याकडं बघत राहिली.

"मला वळकत न्हाय ते," ती म्हणाली. डोळ्यांत टिपूसही नव्हतं.

'वळकंल की' असं म्हणायचा धीर कोंडाबाईला झाला नाही. "माझं चुकलं, पोरी," एवढंच ती बोलली.

उमरग्याच्या डॉक्टरांनी ताकदीची बाटली दिली. मनावरचं औषध त्यांच्याजवळ नव्हतं. कोंडाबाईनं सुनेला पुन्हा एकटं पाण्याला धाडलं नाही. शामला जगली. पण बाळ चालू लागल्यावर कुठं धडपडलं, की धावायचं आजीकडं. आई दारात उभी राहून नुसती बघायची.

बहिणींनो, व्रतवैकल्यं जरूर करा. देवी ती गोड मानून घेते. पण बाळंतिणीचं मनही आजारी पडतं आणि तो तिचा दोष नसतो, एवढं ध्यानात ठेवा. तिला बोल लावण्याआधी तिच्याजवळ बसा, आईला आणि लेकराला एकमेकांचं तोंड बघू द्या. कोंडाबाईला उशीर झाला. तुम्ही करू नका.